बोकडाच्या हृदयात शिसं आलं कुठून?

रत्नागिरी जिल्ह्यात एम.एस्सी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. तिने चिपळूणमधल्या मटणाच्या एका दुकानातून १४ बोकडांची हृदयं घेतली, ओव्हनमध्ये वाळवली, दळली, त्यातली अर्धा ग्रॅम भुकटी नायट्रिक आम्लात पचवून द्रावण ५० मिलिलिटर केलं आणि ज्वालेच्या एएएस यंत्रावर (ज्वालेतले धातूचे अणू दिव्याचा किती प्रकाश शोषतात त्यावरून मोजणारं यंत्र) धातू मोजले. सुक्या वजनावर, किलोमागे मिलिग्रॅममध्ये तिचे आकडे असे: लोह सरासरी ३९०, जस्त ७५, क्रोमियम ५, शिसं २.६. तांबं १२ नमुन्यांत १४ ते १८, पण दोन नमुन्यांत २१० आणि १६५. तिला विचारायचंय की हे शिसं आणि क्रोमियम कारखान्यांच्या धुरातून आलं असं लिहिता येईल का, ते दोन नमुने आउटलायर म्हणून, म्हणजे बाकीच्यांपासून फटकून असलेले म्हणून, काढून टाकावेत का, आणि लोकांनी हृदय खाणं थांबवावं का.

तुमच्या तक्त्यात मला सगळ्यात पटलेला आकडा जस्ताचा आहे. ताज्या हृदयात ७७ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून सुक्या वजनावरच्या आकड्याला साधारण ४.३ ने भागलं की ताज्या वजनावरचा आकडा मिळतो. ७५ चे १७ झाले. गुरांच्या ताज्या हृदयात किलोमागे सुमारे १७ मिलिग्रॅम जस्त, ४ च्या आसपास तांबं, ४० ते ४५ लोह आणि अर्ध्या मिलिग्रॅमहून कमी मँगनीज हे नेहमी दिसणारे आकडे आहेत, आणि बोकडाचं हृदय त्यांच्यापासून फार लांब जात नाही. म्हणजे तुमचं वजन करणं, पचवणं, पातळ करणं, सगळं जागेवर आहे. बारा नमुन्यांतलं तांबंही जागेवर आहे. हे आधी सांगते, कारण आता बाकीचे आकडे मी एकेक करून खोडणार आहे आणि तुम्ही हिरमुसून बसावं अशी माझी इच्छा नाही.

आधी ते दोन नमुने. दुकानात तुम्ही काय शब्द वापरून मागणी केलीत? आपण ‘काळजात धस्स झालं’ म्हणतो तेव्हा हात छातीवर जातो. पण खाटकाच्या ठोकळ्यावर काळीज म्हणजे कलेजी, यकृत. हृदयाला तिथे ‘दिल’ म्हणतात. मी नोकरीला लागले त्या पहिल्या वर्षी हीच चूक केली होती. दापोलीच्या बाजारातून ‘सहा काळजं’ सांगून मागवली, पाकिटांवर छान अक्षरात ‘काळीज १’, ‘काळीज २’ लिहिलं, आणि तांब्याचे आकडे आले तेव्हा आमच्या साहेबांनी शोधनिबंधाचं नावसुद्धा ठरवून टाकलं. फ्रीझर साफ करायला आलेल्या आमच्या शिपाईमामांनी उरलेला तुकडा उचलून उजेडात धरला आणि विचारलं, “बाई, ह्याला कप्पे कुठे आहेत?” त्यानंतर मी आयुष्यात कधी पाकिटावर काळीज हा शब्द लिहिलेला नाही.

रवंथ करणारी जनावरं तांब्याचा साठा यकृतात करतात. निरोगी यकृतात सुक्या वजनावर १०० ते ४०० मिलिग्रॅम तांबं सहज असतं. अमेरिकेच्या एनआयएसटी संस्थेचा गुरांच्या यकृताचा जो प्रमाणित संदर्भ नमुना आहे, क्रमांक १५७७सी, त्यात ते २७५ आहे. तुमचे २१० आणि १६५ हे हृदय म्हणून भयंकर आकडे आहेत, यकृत म्हणून अगदी सरळ. भुकटी झाल्यावर डोळ्यांना फरक कळत नाही, पण यंत्राला कळतो. मँगनीजचा दिवा लावा, २७९.५ नॅनोमीटरवर ते दोन नमुने आणि चांगल्या बारांपैकी कुठलेही दोन वाचा. हृदयात सुक्या वजनावर दीडेक मिलिग्रॅम मँगनीज येईल, यकृतात ८ ते १०. तुमच्या द्रावणात ते ०.०१५ आणि ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर होतं, म्हणजे ज्वालेवरसुद्धा फरक दिसेल. जस्तही त्या दोघांत चढं असेल तर शंकाच नको. तसं निघालं तर प्रबंधात स्पष्ट लिहा की हे दोन नमुने यकृताचे होते म्हणून वगळले. आउटलायरची चाचणी लावून गुपचूप काढू नका. मँगनीज हृदयासारखंच आलं, तर मात्र तांबं आलं कुठून याचा शोध घ्यायचा. तिथे भांड्यापासून सुरुवात करा. तांब्या-पितळेच्या पातेल्यातलं पाणी, किंवा डिस्टिल्ड वॉटरच्या यंत्राचा पितळी नळ.

क्रोमियम ५. दळलं कशात? मिक्सरमध्ये ना? बहुतेक मुलं तेच करतात, कारण वाळलेलं हृदय चामड्यासारखं चिवट होतं आणि खलात कुटताना हात भरून येतात. मिक्सरचं पातं स्टेनलेस स्टीलचं असतं. ते ३०४ जातीचं असेल तर त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. मग तुमच्या भुकटीत ५ मिलिग्रॅम क्रोमियमच्या जोडीला दोन-सव्वादोन मिलिग्रॅम निकेल मिळालंच पाहिजे. निकेल मोजा. क्रोमियमच्या निम्म्याहून थोडं कमी, आणि चौदाही नमुन्यांत त्याच प्रमाणात आलं, तर चोर तुमच्या स्वयंपाकघरात आहे. निकेल आलं नाही म्हणजे मिक्सर सुटला असं मात्र नाही. काही पात्यांचं स्टील बिननिकेलचं असतं. एक नमुना न दळता, प्लास्टिकच्या सुरीने बारीक चिरून तसाच पचवून पाहा, निकाल लागेल. अकीकाचा खल-बत्ता मिळाला तर उत्तमच. तो महाग असतो, पण भूगर्भशास्त्र विभागात हमखास धूळ खात पडलेला असतो.

आता लोह, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कोकणात हृदयातलं लोह मोजणं ही भलतीच डोकेदुखी आहे.

अपेक्षित आकडा सुक्या वजनावर १९० च्या आसपास. तुमचा ३९०. म्हणजे २०० वरचे आहेत. त्यात मिक्सरचा वाटा किती? स्टीलमध्ये सत्तरेक टक्के लोखंड, १८ टक्के क्रोमियम, म्हणजे ५ मिलिग्रॅम क्रोमियममागे २० मिलिग्रॅम लोखंड. उरले १८०. ते दोनच ठिकाणांहून येऊ शकतात, रक्तातून किंवा मातीतून.

रक्ताचं आधी पाहू. एक ग्रॅम हिमोग्लोबिनमध्ये ३.४ मिलिग्रॅम लोह असतं. बोकडाचं हिमोग्लोबिन शंभर मिलिलिटरला १० ग्रॅम धरलं तर लिटरभर रक्तात ३४० मिलिग्रॅम लोह झालं. ताज्या हृदयात किलोमागे ४५. नमुन्याचा दहावा हिस्सा जरी गोठलेलं रक्त असेल, तरी आकडा ४५ वरून ७५ वर जातो. दुकानातलं दिल तुम्ही आडवं कापून पाहिलंय का? निलयाच्या कोपऱ्यात, झडपांच्या दोरांमागे जांभळ्या-काळ्या गुठळ्या बसलेल्या असतात. नळाखाली वरवर धुतलं तर त्या हलत नाहीत, बोटाने खरवडून काढाव्या लागतात. तुम्ही हृदय अख्खं वाळवलंत असं लिहिलंय, म्हणजे गुठळ्यांसकट वाळवलंत. तुमच्या १८० पैकी बराचसा भाग मला इथेच दिसतो. त्यातही दोन बोकडांत फरक पडणार. पावसाळ्यात जंतांनी पोखरलेल्या बोकडाचं हिमोग्लोबिन अर्ध्यावर आलेलं असतं, त्याच्या गुठळीतलं लोहही तेवढंच कमी. मग तुमच्या तक्त्यात दोन बोकडांच्या हृदयांत जो फरक दिसेल तो हृदयातला नसून पोटातल्या जंतांचा असेल.

आणि माती. जांभ्यात लोखंड किती ते जागेजागी बदलतं, हिशोबापुरता चौथा हिस्सा धरा. एक मिलिग्रॅम जांभ्याच्या धुळीत २५० मायक्रोग्रॅम लोह झालं. एक ग्रॅम ताज्या हृदयात सगळं मिळून ४५ मायक्रोग्रॅम. डोळ्याला जेमतेम दिसणारा लाल कण नमुन्यात पडला की लोह सहापट. आपल्याकडे ही धूळ कुठे नसते? बोकडाच्या केसांत, खाटकाच्या पायांना, उघड्या दुकानासमोरच्या रस्त्यावर. मुंबई-गोवा महामार्गाचं काम गेली कित्येक वर्षं चाललंय त्या पट्ट्यातलं दुकान असेल तर बोलायलाच नको. ओळखायची खूण अशी, की पचवून झाल्यावर नळीच्या तळाशी तांबूस गाळ राहिला होता का? हृदय नायट्रिक आम्लात स्वच्छ विरघळतं, फिक्कट पिवळं द्रावण होतं, वर थोडी चरबी तरंगते. जांभा पुरता विरघळत नाही. गाळ असेल तर माती. गाळ नाही आणि मापातलं लोह चढं, तर रक्त.

शिशाचं उत्तर सगळ्यात छोटं आहे आणि तुम्हाला ते सगळ्यात कमी आवडेल. तुमच्याकडे शिशाचा आकडाच नाही. २.६ मिलिग्रॅम प्रति किलो म्हणजे अर्ध्या ग्रॅममध्ये १.३ मायक्रोग्रॅम, ५० मिलिलिटरमध्ये ०.०२६ मिलिग्रॅम प्रति लिटर. ज्वालेच्या यंत्राला शुद्ध आम्लात, सगळं नीट लागलेलं असताना, ०.०१ ते ०.०२ च्या खाली शिसं आहे की नाही हेसुद्धा कळत नाही. आणि भरवशाचा आकडा द्यायचा तर त्याच्या तिपटीच्या वर तरी जायला हवं. तुमचं वाचन यंत्राच्या थरथरीतलं आहे. शिवाय हृदयाच्या द्रावणात सोडियम-पोटॅशियमचे क्षार भरपूर, ते ज्वालेत प्रकाश अडवतात आणि यंत्राला ते शिसंच वाटतं. असा अडलेला प्रकाश वजा करणारा ड्युटेरियमचा बॅकग्राउंड करेक्शन दिवा चालू होता का? ब्लँक, म्हणजे नमुना न घालता बाकी सगळं तसंच केलेली कोरी द्रावणं, किती घेतले होते? एकच ब्लँक घेऊन वजा केला असेल तर तो न घेतल्यासारखाच. निदान दहा ब्लँक घ्या, त्यांच्या प्रमाण विचलनाची तिप्पट करा, आणि त्याखाली जे येईल तिथे आकडा न लिहिता ‘मर्यादेखाली’ लिहा.

अजून एक. युरोपीय संघाची गुरा-मेंढ्यांच्या मांसासाठी (हृदयासारखे अवयव सोडून) शिशाची मर्यादा किलोला ०.१० मिलिग्रॅम आहे, ताज्या वजनावर. तुम्ही २.६ शेजारी ०.१० ठेवून ‘२६ पट’ म्हणालात. ताज्या वजनावर आणलं तर तो आकडा ०.६ होतो. ती सहापटही खरी नाही, पण सव्वीसपट हा शब्द एकदा वर्तमानपत्रात छापून आला की चिपळूणच्या मटणवाल्यांचं काय होईल याचा विचार करा. ०.१० ची मर्यादा तपासायची तर तुमच्या द्रावणात ०.००४ मिलिग्रॅम प्रति लिटर वाचता आलं पाहिजे. ते काम याहून कितीतरी कमी धातू ओळखणाऱ्या यंत्रांचं, ग्रॅफाइट भट्टीच्या एएएसचं किंवा आयसीपी-एमएसचं.

हे झालं मोजमापाचं. तुमच्या प्रश्नात याहून मोठी गोम आहे. दूषण शोधायला तुम्ही हृदय निवडलंत, आणि हृदयात दूषण सहसा साठत नाही.

हृदय धातू वापरतं. स्नायूच्या पेशीचा जवळपास तिसरा हिस्सा मायटोकॉन्ड्रियांनी भरलेला असतो. त्यातल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजला तांबं लागतं, लोह लागतं. मँगनीज तिथल्याच एका संरक्षक विकराला लागतं. सेलेनियम ग्लुटाथिओन पेरॉक्सिडेजला. जेवढं लागतं तेवढं पेशी धरून ठेवते आणि सहजी सोडत नाही. जास्तीचं आलं तर ते यकृताकडे, मूत्रपिंडाकडे, शिसं असेल तर हाडांकडे जातं. कॅडमियम मूत्रपिंडात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतं. म्हणून बाहेर उलथापालथ झाली तरी हृदयातलं तांबं बराच काळ १४ ते १८ च्या घरातच दिसतं, आणि तुमच्या बारा नमुन्यांनी तेच दाखवलंय.

मासेमारीच्या एका गावातली गोष्ट सांगते. एक वासरू आंधळं होऊन भिंतीला डोकं लावून उभं राहायचं, दात खायचं, दोन दिवसांत गेलं. डॉक्टरांनी पोट उघडलं तेव्हा रवंथाच्या पिशवीत काळ्या ठिसूळ पट्ट्यांचे तुकडे मिळाले. बंदरावर ट्रॉलरच्या जुन्या बॅटऱ्या फोडून टाकलेल्या, त्यातल्या पट्ट्या वासराने चाटत चाटत खाल्ल्या होत्या. मूत्रपिंडाच्या बाहेरच्या थरात शिसं ताज्या वजनावर किलोला १० च्या वर गेलं की शिशाची विषबाधा धरतात. याच्यात ते त्याच्या कितीतरी वर होतं. त्याच जनावराच्या हृदयात एकाच्याही आत. शिशाने मेलेल्या जनावराचं हृदय हे सांगत असेल, तर धुराच्या दिशेला चरलेल्या बोकडाचं हृदय तुम्हाला काय सांगणार?

तांब्याचंही असंच. सुपारीच्या वाड्यांत कोळे रोगासाठी पावसाच्या तोंडावर आणि पुन्हा दीडेक महिन्याने बोर्डो मिश्रण मारतात, १०० लिटर पाण्यात एक किलो मोरचूद आणि एक किलो चुना. ते गळत गळत खालच्या गवतावर उतरतं. त्या गवतावर शेळी बांधली तर तिच्या यकृतात तांबं वाढेल. शेळी ते बरंच सोसते, मेंढी सोसत नाही. घाटावरून उतरणारे धनगर शेतात मेंढ्या बसवतात तेव्हा वाडीवाल्याने फवारणी सांगायला हवी. मेंढीच्या यकृतात तांबं महिनोन्‌महिने साठत राहतं, बाहेरून काही दिसत नाही, आणि एक दिवस ते एकदम रक्तात सुटतं. डोळे पिवळे, लघवी लाल, दोन दिवसांत मेंढी आडवी. त्या मेंढीतही तांबं यकृतात आणि मूत्रपिंडातच शोधायचं.

हृदय धातूंमुळे आजारी पडतं ते बहुतेक वेळा कमतरतेने. पश्चिम ऑस्ट्रेलियात तांब्याच्या कमतरतेने गाई चालता चालता कोसळून मरायच्या. हृदयाचा स्नायू जाऊन त्याजागी चिवट तंतू झालेले असायचे. सेलेनियम कमी पडलं की कोकरांच्या-वासरांच्या हृदयावर पांढरे पट्टे दिसतात, डुकरांचं हृदय तुतीच्या फळासारखं ठिपक्याठिपक्यांचं होतं. चीनमधल्या केशान परगण्यात १९३५ मध्ये माणसांत नोंदलेल्या हृदयविकाराची मुळंही सेलेनियम नसलेल्या मातीत निघाली. उलट्या बाजूचं ठळक उदाहरण कोबाल्टचं. १९६५-६६ मध्ये कॅनडातल्या क्युबेक शहरात बिअरचा फेस टिकावा म्हणून कोबाल्टचे क्षार घालत, आणि रोज ढोसणाऱ्यांची हृदयं निकामी होऊन माणसं दगावली. अशा वेळी हृदय तपासायलाच हवं. पण तिथे आधी हृदय आजारी होतं आणि मग धातू शोधला. तुमचे चौदा बोकड टुणटुणीत होते.

हे बोकड होते कुठले, ते दुकानदाराला विचारलंत का? चिपळूणच्या दुकानात टांगलेला बोकड चिपळूणमध्ये चरला असेल असं धरून चालू नका. घाटावरच्या आठवडी बाजारांतून टेम्पो भरून कुंभार्ली घाटाने खाली उतरतात. आदल्या आठवड्यापर्यंत तो काळ्या मातीत कडबा खात होता, इथल्या धुराचा त्याला वासही लागलेला नाही. ‘कोकणातल्या बोकडांत’ हे शब्द लिहिण्याआधी प्रत्येक जनावर कुणाच्या गोठ्यातलं, किती वर्षांचं, काय खाऊन वाढलं हे वहीत असलं पाहिजे. इथलंच जनावर हवं असेल तर गावच्या राखणेचा, म्हणजे गावच्या राखणदार देवाला द्यायचा, बोकड पाहा. तो त्याच वाडीतला असतो, त्याचं वय मालकिणीला तोंडपाठ असतं, आणि आधी जाऊन नीट सांगितलं तर दिल, काळजाचा एक तुकडा आणि एक गुर्दा द्यायला कुणी नाही म्हणत नाही. सिंधुदुर्गात असाल तर कोकण कन्याळ शेळ्या आहेत, इथल्याच जातीच्या.

मी तुमच्या जागी असते तर प्रश्नच थोडा वळवला असता. जांभ्यावर चरणारं जनावर चाऱ्याबरोबर माती पोटात घालतं, पहिल्या पावसात कोवळं गवत मुळासकट उपटतं तेव्हा तर फारच. पोटात गेलेलं जास्तीचं लोह तांब्याच्या शोषणाच्या आड येतं. तेव्हा आपल्याकडच्या शेळ्यांना तांबं पुरतं का, हा प्रश्न मला शिशापेक्षा जास्त खरा वाटतो. त्याचं उत्तर यकृतात मिळेल. त्याच शेळीचं हृदय शेजारी मोजलंत, तर यकृतातला साठा कितीही खाली गेला तरी हृदय आपलं तांबं कसं राखतं हे एकाच तक्त्यात दिसेल. तुमच्या मार्गदर्शकांना खाडीचं दूषणच हवं असेल तर बोकड सोडा, कालवं घ्या. ती जागा सोडत नाहीत, आणि जस्त, तांबं, कॅडमियम शरीरात भरमसाट साठवतात. फक्त पातळ करताना जपा, जस्त यंत्राच्या मोजपट्टीबाहेर जाईल.

पुन्हा मोजणार असाल तर काही गोष्टी. हृदय ताजं असतानाच उघडा, गुठळ्या काढा, बाहेरचं आवरण आणि चरबी सोलून टाका, डीआयोनाइज्ड पाण्याने झटपट दोनदा धुवा, भिजत ठेवू नका. नेहमी डाव्या निलयाच्या भिंतीचा मधला तुकडा घ्या. अलिंदात चरबी आणि तंतू जास्त, आकडे खाली येतात. हातमोजे पावडरवाले नकोत, रबराचे तर नकोतच, त्यातून जस्त येतं. फॉर्मालिनमध्ये कधीही ठेवू नका, धातू बाहेर झिरपतात आणि बाहेरचे आत येतात.

फ्रीझरवर विसंबू नका. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-अलिबागच्या बाजूला आलं, आमच्याकडे दापोलीत कित्येक दिवस वीज नव्हती, आणि माझी ४० पाकिटं पाणी होऊन गेली. नमुना वितळला की त्यातून लाल पाणी सुटतं, त्यात मायोग्लोबिन असतं, म्हणजे लोह. ते पाणी ओतून उरलेला तुकडा मोजलात तर कमी येणार, पाण्यासकट पचवलंत तर एक वेळ चालेल. तेव्हापासून मी तुकडे आधी तोलते, वाळवते आणि मगच ठेवते.

पण वाळवलेलं ठेवणंही आपल्याकडे सोपं नाही. जुलैत काट्यावर भुकटी ठेवून नुसतं बघत बसा. ०.५००० वाचता वाचता शेवटचा अंक चढायला लागतो, ०.५००६, ०.५०११, तुम्ही काही घातलेलं नसतं. हवेतलं पाणी शिरतंय. डेसिकेटरमधून (ओलावा शोषणाऱ्या बंद बरणीतून) काढा, लगेच तोला, झाकण लावा. सिलिका जेल निळ्याचं गुलाबी झालंय का ते आधी बघा, कॉलेजांमधलं नेहमी गुलाबीच असतं.

पचवताना नायट्रिक आम्ल घालून रात्रभर थंडच राहू द्या, म्हणजे फेस उतू जाणार नाही. तपकिरी धूर निघतो तो विषारी आहे, फ्यूम हूडशिवाय हे काम करू नका. शेवटी थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. जुन्या पद्धतींत परक्लोरिक आम्ल लिहिलेलं सापडेल, त्याच्या वाटेला जाऊ नका. चरबीबरोबर तापलं तर स्फोट होतो, आणि त्यासाठी धुऊन निघणारं वेगळं हूड लागतं, जे तुमच्याकडे नसणार. प्रत्येक खेपेला यकृताचा प्रमाणित नमुना एक लावा. विकत घेणं परवडत नाही हे मला माहीत आहे, ज्या प्रयोगशाळेत आहे तिथून दोन ग्रॅम मागून आणा. तेही नाही जमलं तर तुमच्याच एका नमुन्यात मोजून धातू घाला आणि तो ९० ते ११० टक्के परत मिळतो का पाहा. शिसं-आर्सेनिक आयसीपी-एमएसवर बाहेरून करून घेणार असाल, तर समुद्री मीठ लागलेल्या नमुन्यांबद्दल त्यांना आधी सांगा. यंत्रातला आर्गॉन आणि मिठातलं क्लोरीन जुळून ७५ वजनाचा कण होतो आणि तो आर्सेनिक म्हणून मोजला जातो.

खाण्याचं म्हणाल तर बोकडाचं अख्खं दिल शंभर ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यातून चार-साडेचार मिलिग्रॅम लोह मिळतं, तेही अंगाला सहज लागणारं. आयसीएमआरने बाईसाठी दिवसाला २९ मिलिग्रॅम सांगितलंय. तुमच्या तक्त्यात असं काहीही नाही की ज्यावरून कुणाला ते खाऊ नका म्हणावं. माझी आई बाळंतिणीला मिरी-लसणाच्या पाण्यात शिजवून द्यायची आणि मीही देते. कॅडमियमची काळजी असेल तर म्हाताऱ्या जनावराचा गुर्दा वरचेवर खाऊ नये, एवढंच.

भुकटी उरली असेल तर आधी मँगनीज आणि निकेल वाचा, दोन्ही दिवे बहुतेक कॉलेजांत असतात. ते आकडे हातात येईपर्यंत मार्गदर्शकांना शिशाचा तक्ता दाखवू नका, आणि ती दोन पाकिटं फेकू नका. वरचा कागद सोलून बघा, दुकानदाराने पेन्सिलीने काय लिहिलंय.